लिव्हरवरचे पाच डाग

"सांगून तुला पटायचं नाही," मास्तर बायकोला म्हणाला, "पण माझ्या आतड्यातली गाठ फार शिस्तीची निघाली."

मास्तर म्हणजे शिंपी. डाव्या हातात सलाईनची सुई, उजवा हात बोलण्यासाठी मोकळा. केमोच्या वॉर्डात शेजारच्याच खुर्चीत वायरमन, त्याच्याही हातात तशीच सुई. दोघांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, दोघांची ऑपरेशनं एकाच आठवड्यात, एकाच सर्जनकडे. गाठीचं मापसुद्धा एकच, साडेतीन सेंटिमीटर. ते मास्तरने मुद्दाम विचारून घेतलं होतं.

फरक मंगळवारी कळला. सवयीने दोघे एकत्रच डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि वेगवेगळे बाहेर आले. वायरमनचा आजार जागच्या जागी थांबला होता. मास्तरचा लिव्हरपर्यंत पोचला होता, तिथे दोन डाग दिसत होते. तेव्हापासून मास्तरला वायरमनचं काहीच बघवत नव्हतं. त्याची भूक, त्याची झोप, त्याचा ढेकरसुद्धा.

घरी मास्तरने अवाक्षर काढलं नव्हतं. रोज सोबत येणाऱ्या मेहुण्यालाही तंबी दिली होती. पण आज मेहुण्याऐवजी बायको आली, पिशवीतून संत्रं काढून सोलायला बसली आणि मान वर न करता म्हणाली, "मंगळवारी डॉक्टर काय म्हणाले, ते सांगितलंच नाहीत तुम्ही."

मास्तरने एकदा वायरमनकडे पाहिलं आणि त्याचा रिपोर्ट सरळ आपल्या अंगावर चढवला.

"गाठीला कसली आलीय शिस्त?" बायकोने विचारलं.

"अगं, प्रत्येक पेशीत जनुकं असतात. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. त्यातल्या एका जनुकाचं काम म्हणजे धागा पुरवायचा. मग पेशीला पेशी शिवलेली राहते, हलत नाही. माझं ते जनुक असलं कडक की विचारू नकोस. एक पेशी निघाली होती लिव्हरला. बोचकं बांधून, चपला घालून. रक्तवाहिनीच्या तोंडाशी पोचलीसुद्धा. जनुकाने मागून पदर धरून ओढली, दुहेरी टीप मारली आणि वर काज करून बटण लावलं."

"पेशीला बटण?"

"चार भोकांचं. डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. म्हणाले, मास्तर, इतक्या वर्षांत अशी शिलाई बघितली नाही."

"हात हलवू नका, सुई निघेल," पलीकडून नर्स म्हणाली.

वायरमनने पेपर खाली घेतला. आपल्याच जनुकाचं कौतुक ऐकताना कुठे बघावं, हे त्याला कळेना.

"आणि या भाऊंचं कसं आहे?" बायकोने विचारलं.

'बरं आहे' म्हणून मास्तरला विषय संपवता आला असता. पण त्याने आवाज उतरवला. इतकाच उतरवला, की चार खुर्च्यांपर्यंत नीट ऐकू जावं.

"त्याचं बिनसलंय. त्याचं जनुक आहे, अगदी धडधाकट आहे, पण बंद. त्याच्या डोक्यावर दुसरं एक जनुक मुकादम होऊन बसलंय. त्याने धाग्याच्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. झालं, शिवण उसवली. पेशी सुटल्या आणि रक्तातून निघाल्या लिव्हरला. तुला सांगतो, धागा आहे. कपाट भरून धागा आहे आत. नुसतं कोणी..." इथे मास्तरने सलाईनची नळी उगाच सरळ केली. तो खाकरला. "नुसतं कोणी उघडत नाही."

वायरमनचा हात आपसूक उजव्या बरगडीखाली गेला. तिथे काही नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने दोनदा चाचपलं.

एका वाक्यात त्याला मास्तरचं सगळं उघडं पाडता आलं असतं. तो तसा तापटही होता. पण त्याने संत्रं सोलणाऱ्या बाईकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे.

"हो वहिनी," तो म्हणाला. "जरा पसरलंय. चालायचंच."

मास्तर हे ऐकतच राहिला. वायरमन ते किती सहज बोलला होता, पंख्याचा रेग्युलेटर गेलाय म्हणावं तसं. ज्याच्या पोटात ते खरंच नाही, त्यालाच असं बोलायला जमतं. मास्तर गेले तीन दिवस आरशासमोर तेच वाक्य म्हणून बघत होता आणि दर वेळी 'पसरलंय'पाशी अडकत होता. आता आजार दिला तर हा माणूस तोही आपल्यापेक्षा झोकात घालून दाखवत होता.

"जरा कसलं जरा," मास्तर म्हणाला. कापडाच्या मापात तो कधी चुकला नाही, पण बोलताना शिवणीत चार बोटं जादा कापडाची माया सोडल्याशिवाय त्याला राहवत नसे. "पाच डाग आहेत याच्या लिव्हरवर. पाच. एकेक रुपयाएवढा."

वायरमनने पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

बायकोने संत्र्याची शेवटची फोड साफ केली, तिच्यावरची शीर न् शीर काढली आणि ती मास्तरच्या मोकळ्या हातात ठेवली.

"पाच नाहीत, दोन," ती म्हणाली. "आणि आपले दोन त्या भाऊंना कशाला देताय?"