काळीभोर शांतता

"येतंय ना ऐकू?" आयल्सानं विचारलं.

डूगल पेट्री आपल्या नेहमीच्या खुर्चीत डोळे मिटून बसला होता. समोर दोन उंच स्पीकर. मधल्या टेबलावर आयल्सानं स्वतः बनवलेला स्ट्रीमर, म्हणजे घरातल्या इंटरनेटवरून गाणी ओढून स्पीकरकडे पाठवणारी जाडजूड पुस्तकाएवढी करडी पेटी. गाणं लावलेलं नव्हतं. पेटी नुसती चालू होती. आणि डूगलला काहीही ऐकू येत नव्हतं.

तीस वर्षं तो ग्लासगोच्या या खोलीत बसून असली यंत्रं ऐकत होता आणि मासिकात त्यांच्यावर लिहीत होता. त्याचं वाचल्याशिवाय बरेच लोक खिशात हात घालत नसत. दोनशे पौंडांच्या डबीनं भागत असताना या पेटीला तीन हजार का मोजायचे, याचं उत्तर त्यानं मागच्याच आठवड्यात लिहून पाठवलं होतं. 'दोन सुरांच्या मधली काळीभोर शांतता. पैसे तिचे आहेत.'

"डन्डीहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला," आयल्सा सांगत होती. "म्हणे, गाणं थांबलं की पेटी शिट्टी वाजवते. बारीक, डासासारखी. मला पटेना. म्हटलं, तुमच्याकडचा नग ऐकून यावं, तर हाही तेच करतोय! का मलाच भास होतोय, मिस्टर पेट्री?"

डूगलनं किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं. दाढेत कळ आल्यासारखं तिनं तोंड वाकडं केलं होतं. असं तोंड उगाच कोणी करत नाही.

"भास नाही," तो म्हणाला. "आहे शिट्टी. अगदी बारीक." आवाज नेहमीसारखा ठाम निघाला. सवयीचाच होता तो.

"हुश्श! म्हणजे मला वेड नाही लागलं. थांबा हं, एक बघते."

ती टेबलामागे गेली. तिच्या पायाखालची फळी करकरली, ती त्याला ऐकू आली. खालच्या रस्त्यावरून बस गेली, तीही ऐकू आली. स्वतःच्या छातीतली धडधड तर कानठळ्या बसवत होती. मग तेवढी एक शिट्टीच का नाही? तो श्वास रोखून बसला. देवा, थोडीशी तरी येऊ दे.

"आता?" आयल्सानं विचारलं.

"अजून आहे. जरा कमी झालीय."

डूगलनं डोळे उघडले. पेटीवरचा दिवा विझला होता. प्लग आयल्साच्या हातात होता.

"आवाज दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा नाही ना, ते बघायला काढला," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला पकडायला नाही हो. देवाशपथ."

डूगल खुर्चीत सावरून बसला.

"मला आधीच शंका होती," आयल्सा म्हणाली. "पण वर्कशॉपातल्या पंख्यांच्या घरघरीत नीट कळत नव्हतं. मग दोन महिन्यांपूर्वी तुम्ही फोनवर म्हणालात, आवाजाचं चिटपाखरूसुद्धा नाही हिच्यात. तुम्ही म्हणालात, म्हणून मी शोधायचं सोडलं. माझ्या दोनशे पेट्या गेल्या लोकांच्या घरी. चार वर्षं राबलेय मी हिच्यावर."

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. सर्दी झालीय, कानात मळ साचलाय, सगळं डूगलच्या जिभेवर तयार होतं.

"लाव तो परत," तो म्हणाला.

दिवा लागला. डूगल उठला, वाकला आणि त्यानं कान पेटीला टेकवला. धातू कोमट होता.

"आता कशी येतेय?"

"कानात सुई घातल्यासारखी," आयल्सा म्हणाली.

"मला नाही येत," डूगल म्हणाला. "काहीच नाही येत, पोरी. मघाशीही येत नव्हती."

तिच्यादेखतच त्यानं संपादकाला फोन लावला. नंबर दोनदा चुकला. "या महिन्याचा लेख थांबव," तो म्हणाला. "हो, छापायला गेलेला असला तरी. पेटीत खोट आहे. आणि माझ्या कानांतही."

संपादकानं विचारलं, "कधीपासून?"

डूगलनं भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. तिथं तीस वर्षांचे अंक ओळीनं लावले होते. कुठल्या अंकापर्यंत आपण ऐकून लिहिलं आणि कुठल्या अंकापासून नुसतंच लिहिलं? "बघून सांगतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

आयल्सा पेटी काखोटीला मारून निघाली. घरोघरच्या पेट्या परत मागवून उघडायच्या होत्या तिला. दारात थांबून ती म्हणाली, "कान दाखवून घ्या. उद्याच." आणि गेली.

डूगल मागच्या अंगणात आला. त्याची बायको इफी दोरीवरचे कपडे काढत होती. ऊन अजून छपरांवर होतं. काय विचारायचं ते त्याला सुचेना; आणि मग एकदम सुचलं.

"इफी, यंदा पाकोळ्या आल्याच नाहीत ना गं?"

इफीचा हात चिमट्यावरच थांबला. "असं काय करतोस?" ती म्हणाली. "मे महिन्यापासून छपराखाली घरटी आहेत त्यांची. दिवसभर किंचाळून नुसता जीव खातात."

डूगलनं मान वर केली. काळ्या कोयत्यांसारख्या दहा-बारा पाकोळ्या धुराड्याला वळसा घालून सूर मारत आल्या आणि अंगणावरून इतक्या खालून गेल्या, की इफीनं दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून धरले.