चार बोटं

"अजून ओढ," तात्या म्हणाले.

स्पृहाने, त्यांच्या सुनेने, धनुष्याची दोरी ओढली आणि नेहमीच्या जागी थांबली. हनुवटी अजून चार बोटं लांब. गेली दोन वर्षं ती तिथेच थांबत होती आणि तात्या तिला आळशी म्हणत होते. कालच्या स्पर्धेत तिचे निम्मे बाण टार्गेटच्या अलीकडे गवतात पडले होते.

"अगं, हात आखडतेस कशाला?"

"आणखी ओढलं की हे कुरकुरतं, तात्या."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

धामणीच्या लाकडाचं ते धनुष्य तात्यांनीच बनवलेलं, स्वतःच्या हाताच्या मापाने. तात्या बुटके, सून ताडमाड. ते तिला आखूड पडणार, हे लालबागच्या त्या चाळीत कुणा शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या हातचं आहे. त्याला नावं कशी ठेवायची?"

तात्यांना राग आला. तिचा नाही, स्वतःचा. जन्मभर लोकांच्या मापाने दारं-खिडक्या बसवणारा सुतार, आणि घरातल्या माणसाचं माप घ्यायचं राहून गेलं.

त्यांनी गॅलरीतल्या आकड्यावर धनुष्य मधोमध टांगलं आणि दोरी खाली ओढून पाहिली. टोकं वाकत होती, मुठीजवळचा भाग फळीसारखा ताठ. तिथे पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूने, खरवडायला हवं होतं. तात्यांनी काचेचा तुकडा घेतला आणि तसेच उभे राहिले. खरवडलेलं लाकूड पुन्हा चिकटवता येत नाही. धनुष्य सैल झालं की तिच्या लांब हाताला ते साथ देणार, तात्यांच्या आखूड हातात मात्र त्याला जोर उरणार नव्हता. दर रविवारी मैदानात याच धनुष्याने पहिला बाण तात्यांचा असायचा. त्यांनी काच लाकडावर टेकवली आणि परत उचलली.

स्पृहाला ते दिसलं. "राहू द्या, तात्या. मी घेईन सांभाळून."

"दोन वर्षं घेतलंस की!" असं म्हणून त्यांनी काच लावली.

थोडं खरवडायचं, ओढायचं, लांबून बघायचं, परत खरवडायचं. दुपारचा चहा झाला तरी ते चाललंच होतं. शेवटी धनुष्य सगळीकडून सारखं वाकलं.

"बाण लाव. सोडू नकोस, नुसता ओढ."

स्पृहाने ओढलं. दोरी हनुवटीला टेकली. लाकडाने हूं की चूं केलं नाही. पण बाणाचं टोक धनुष्याच्या आत आलं, घसरलं आणि बाण तिच्या पायाशी पडला. तात्यांच्या मापाने कापलेला बाण. डब्यातले बाकीचे वीसही तेवढेच.



मग तात्यांनी तो उचलला, कठड्यावरच्या कुंडीत खोचला आणि कलंडलेलं मिरचीचं रोप सुतळीने त्याला बांधलं. खिशातून टेप काढून ते सुनेसमोर उभे राहिले.

"हात लांब कर," ते म्हणाले. "आखडायचा नाही."