फोडणीचा वास

"मायं नाक बी गेलं वाटते," नानाजी म्हणाला.

त्याच्या जुन्या मित्राला, इसरूला, ते पहिल्यांदा कळलंच नाही. गालावरची गाठ फुटल्यापासून नानाजीचे शब्द अर्धे तोंडातच राहत. इसरू अंगणातल्या बाजेवर वाकला. नानाजीनं बोटानं आधी आपलं नाक दाखवलं, मग स्वयंपाकघराचं दार.

"लसणाचा वास नाई. फोडणीचा नाई. कोणाच्याच घरून नाई."

इसरू खरं तर धानाचं सांगायला आला होता. गावात कापणी लागली होती. लोकांनी आपापला धान उभा ठेवून आधी नानाजीच्या बांधीतला धान कापला, पेंढ्यांचं पुंजणं रचून दिलं. हे ऐकून त्याला बरं वाटेल, असं इसरूला वाटलं होतं. नानाजीनं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग हे नाकाचं काढलं.

"सर्दी असन," इसरू म्हणाला.

"एकेक करून चाललं. पहिले दाढा गेल्या. मंग जिभेची चव. आता हे."

इसरूचा हात खिशातल्या खर्‍याच्या पुडीवर गेला आणि तिथेच राहिला. एकाच पानठेल्यावर उभं राहून दोघांनी सारखाच सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्ला होता, तरणे होते तेव्हापासून. तो उठला आणि आत गेला.

आत नानाजीची बायको भागीरथा तांदूळ निवडत होती. चुलीवर नुसतं वरण उकळत होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी नवऱ्याच्या नाकात नळी घालून 'आता घरीच ठेवा' म्हणून सांगितलं, त्या दिवसापासून तिनं या घरात तेल तापवलं नव्हतं. ज्याला पाण्याचा घोट उतरत नाही, त्याला वास कशाला द्यायचा? ते पाहून शेजारणींनीही आपली फोडणी मागच्या आवारात नेली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. गावच्या तळ्यात, बोडीत, मासे मिळाले, तर लोक ते तिथेच काठाच्या पाळीवर भाजून खात आणि हात धुऊन मोहल्ल्यात येत.

"वयनी," इसरू म्हणाला, "त्याले वाटून राह्यलं, का नाक बी गेलं."

भागीरथाचे हात थांबले.

"मंग काय करू, भाऊ? त्याच्यापुढं मासे शिजवू? त्याच्यासाठीच तं बंद केलं ना सारं."

"मले मालूम हाय, वयनी. त्याले मालूम नाई."

चुलीवरचं वरण उतरवून तिनं निवडलेले तांदूळ चढवले. मग सूप बाजूला ठेवून शेजारच्या पार्बताबाईकडे गेली.

पार्बताबाई मासे साफ करूनच घेऊन आली. दोघींनी अंगणात, बाजेसमोर तीन दगड मांडले. शेतावरून परतलेली माणसं कुंपणाशी थांबली. कढईत जवसाचं तेल तापलं. भागीरथानं ठेचलेला लसूण टाकला, वर लाल मिरच्या. धूर उठला आणि वाऱ्यानं सरळ बाजेवर गेला.

नानाजीला ठसका लागला. गालाला बांधलेलं कापड लाल झालं. लेक मंजुषा कढई उतरवायला धावली. त्यानं हात वर केला.

"राहू दे."

कुंपणाशी उभे असलेलेही खोकत होते. नानाजीनं डोळे मिटून घेतले. मासे तेलात पडले, हळद पडली, पाणी पडलं, तोवर तो तसाच पडून होता. छाती मात्र मोठी होत होती आणि लहान होत होती.

"हाय," तो म्हणाला. "नाक हाय."

कुंपणाशी कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"ताट वाढ."

भागीरथा पळी धरून उभी राहिली. तिनं इसरूकडे पाहिलं. इसरू खाली पाहत होता.

"मंजूले वाढ," नानाजी म्हणाला.

मंजुषा दाराआड सरकली. बापाला घरी आणल्यापासून ती उभ्याउभ्याच जेवत होती, स्वयंपाकघराचं दार लावून. चावल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भात पाण्यात कालवून ती नुसता गिळायची. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या.

"मले भूक नाई, बाबा."

"मले ऐकू येते," नानाजी म्हणाला. बोलताना त्याला फार त्रास होत होता, पण तो थांबला नाही. "तू दार लावते, ते ऐकू येते. मंग काईच ऐकू येत नाई. बस इथी."

"मायाच्यानं नाई होणार."

"मायासंगं जेव. एक डाव तरी."

भागीरथानं ताट आणून बाजेजवळ ठेवलं. भात होता, त्यावर मासे. पार्बताबाईनं मंजुषाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला खाली बसवलं.

मंजुषानं भात कालवला. काटा काढला. घास तोंडात घातला आणि तशीच बसली.

"चाव," बाप म्हणाला.

ती चावू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं. नानाजी तिच्या तोंडाकडे पाहत होता. कापड बांधलेला, बोटभरही न उघडणारा त्याचा जबडा हळूहळू तिच्यासोबत हलू लागला.

तिचा घास गळ्याखाली उतरला. त्याचा जबडा हलतच होता.