पाचवा खळगा

"यम्मा, जेवणारे चौघं आणि परातीत खळगे पाच. कसे, तेवढं सांग."

"प्रयोगशाळेची खोड घरी आणू नकोस, नझहा," आई म्हणाली. "असेल कुणी भुकेलं."

मोरोक्कोतल्या मेक्नेसच्या आमच्या घरी शुक्रवारी दुपारी सगळे एकाच परातीतून कुसकुस, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या कण्या, खातात. प्रत्येकाने आपल्या पुढ्यातलं खायचं, तिथे खळगा पडत जातो, आणि शेजाऱ्याच्या खळग्यामधली कुसकुसची भिंत फोडायची नाही. शेवटी आई मधलं मटण वाटते. पाचव्या खळग्यातही ती एक तुकडा सारायची, आणि तो उरायचा नाही.

यापायीच ती माझ्याकडे रबातला राहायला येईना. गुडघे गेले होते, जिना चढवत नव्हता, तरी एकच पालुपद: "तो उपाशी राहील." समजावून समजावून मी थकले.

अखेर या शुक्रवारी तिला आणलंच. परात नवी, जेवायला आम्ही दोघीच. मी परातीवरची नजर काढली नाही.

"बघ, दोनच खळगे. आता तरी पटलं?"

आईने दोन्ही हातांनी ताकाचा वाडगा उचलला.

माझ्या उजवीकडे कुणी नव्हतं, पण तिकडची भिंत पलीकडून हळूच ढासळली. लाल भोपळ्याची एक फोड सरकत माझ्या पुढ्यात आली.

वाडगा तोंडाशी तसाच धरून आई म्हणाली, "खा. कुणी आपल्या वाटणीतलं दिलं तर नाही म्हणू नये."