चहा छान झालाय

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "छान झालाय."

सून ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिच्या हातच्या चहाला सासूबाईंनी कधी छान म्हटलं नव्हतं. कधी आलं जास्त, कधी पावडर जुनी, कधी कपाला म्हणे साबणाचा वास. बाईंचं नाकच तसं तिखट. पलंगावर बसल्या बसल्या शेजारच्या घरात काय शिजतंय ते सांगायच्या, वर मसाला कच्चा राहिलाय हेही सांगायच्या. त्या नाकापुढे सुनेने केव्हाच हात टेकले होते.

आणि आजचा चहा करपलेल्या दुधाचा होता.

दूध तिच्याच चुकीने लागलं होतं. पातेलं गॅसवर ठेवून ती खिडकीशी गेली, खाली पुन्हा ॲम्ब्युलन्स आली की काय ते बघायला. मागे वळेपर्यंत घरभर वास. बाहेरच्या खोलीत हेडफोन लावून ऑफिसचं काम करणारा नवरासुद्धा ओरडला होता, "काय करपलं?" लॉकडाउनमध्ये दूध मिळायचं तेच मुळी रांगेत तास घालवून, टाकून द्यायची सोय नव्हती. तिने वरवरचं दूध अलगद ओतून घेतलं, चहात भरपूर आलं ठेचून घातलं आणि बोलणी खायच्या तयारीनेच ती सासूबाईंच्या खोलीत आली. खोली स्वयंपाकघराला लागून. मधे नुसता पडदा.

"आई, खरंच बरा झालाय?"

"झालाय म्हणते ना. रोज नावं ठेवते म्हणून एक दिवस कौतुकही करायचं नाही का मी?" सासूबाई हसल्या. हसता हसता घसा खाकरला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

कोरोनात आधी वास जातो, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. टीव्हीवर दिवसभर दुसरं होतंच काय?

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचंही असंच झालं होतं. दुपारी जेवण बेचव लागतंय म्हणाले आणि संध्याकाळी पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं त्यांना जिन्यावरून घेऊन गेली. जाताना वळून बायकोला म्हणाले, गीझर चालू राहिलाय, तेवढा बंद कर. पुढे बायकोला फक्त फोन आला. ती ॲम्ब्युलन्स जाताना सासूबाईंनी खिडकीतून पाहिली होती. "मला नाही हं कुठे पाठवायचं," त्या म्हणाल्या होत्या. "काय व्हायचं ते इथे, या पलंगावर होऊ दे." मुलाने मान डोलावली होती. सुनेनेही.

त्याच पलंगावर आत्ता आजीच्या मांडीवर डोकं ठेवून भिंगरी चित्र रंगवत होती. शाळा बंद झाल्यापासून नात आजीला चिकटूनच असायची. ताट एक, उशी एक, आजीच्या हातातला अर्धा घास हिचा.

"भिंगरी, चल, दूध पिऊन घे."

"इथे आण ना, मम्मी."

"ऊठ म्हटलं ना."

आवाज नको तितका चढला. सासूबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सून नजर चुकवून पोरीला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन आली.

सिंकमध्ये पातेलं भिजत पडलं होतं. तिने खाली वाकून दीर्घ श्वास घेतला. करपट वास नाकात भरला. एवढ्या घाण वासाने तिला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. मग उरलेलं दूध तिने भिंगरीच्या कपात ओतलं. थोडं ओट्यावर सांडलं.

"घे."

एरवी दूध पिताना पोरीने तोंड वाकडं केलं की धपाटा मिळायचा. आज आईचा सगळा जीव त्या एवढ्याशा नाकात येऊन बसला होता. मुरड बाई नाक, मुरड एकदा.

भिंगरीने कप तोंडाशी नेला आणि झटकन लांब धरला. "ईऽ, करपलंय हे! किती घाण वास येतोय. मी नाही पिणार." सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात.

"नको पिऊ," आई म्हणाली. "अजिबात नको पिऊ." ती खाली बसली आणि तिने पोरीला घट्ट धरलं. उद्याचं उद्या, पण आज तरी हिचं नाक शाबूत होतं. तिला रडू आवरेना.

"मम्मी, सोड ना. आजीकडे जायचंय मला."

पडद्यापलीकडे कप बशीवर वाजला. आत सगळं ऐकू गेलं होतं. आता नवऱ्याला सांगावं लागणार होतं. फ्रिजवर चिकटवलेला ॲम्ब्युलन्सचा नंबर फिरवावा लागणार होता. तिने डोळे पुसले.

"अगं," आतून सासूबाईंचा आवाज आला. नेहमीसारखाच खडसावणारा, फक्त थोडा घाईचा. "लक्ष कुठे असतं गं तुझं? गॅसवर काहीतरी उतू जातंय बघ. इथपर्यंत वास येतोय."

गॅस केव्हाचा बंद होता. वर भांडंसुद्धा नव्हतं.

"हो आई," सून म्हणाली. "बघते."

भिंगरीचा हात मात्र तिने सोडला नाही.