पंधरा दिवस बघायचं नाही

काडकन आवाज झाला आणि कार्तिकीच्या हातून तार पिळायची पकड गळून पडली. तिच्या पहिल्याच बोन्सायची, त्या वीतभर वडाची, तारेने वळवलेली फांदी मोडली होती.

"आजोबा, मी जराशीच पिळली हो!"

"रोज जराशी पिळत होतीस. तारेचं काम तारेला करू दे की." मी मोडलेल्या जागी सुतळी गुंडाळली. "आता पंधरा दिवस झाड माझ्या गच्चीत राहील. तू बघायलासुद्धा यायचं नाही. उतावळ्या माणसाच्या हाती झाड जगत नाही."

नऊ वर्षांची पोर डोळे पुसत गेली, ती खरंच फिरकली नाही.

इकडे माझंच चित्त थाऱ्यावर राहीना. चहा घेता घेता उठायचो, पेपर वाचता वाचता उठायचो. पाचव्या दिवशी त्या फांदीची पानं गळली. आता पोरीला काय सांगू?

नवव्या दिवशी सकाळी, मोडलेल्या जागेच्या जरा खाली लालसर कोंब दिसला. मी कुंडी उचलली आणि अनवाणीच समोरच्या इमारतीचे तीन जिने चढलो.

दार कार्तिकीनेच उघडलं. कुंडी दिसताच तिने डोळे गच्च मिटून घेतले.

"आजोबा, अजून सहा दिवस आहेत! तुम्हीच म्हणालात ना, उतावळ्या माणसाच्या हाती..."

"म्हणालो खरा." मला धाप लागली होती. "बघू नकोस. नुसतं बोट दे."

तिचं बोट धरून मी हळूच कोंबावर टेकवलं. मिटल्या डोळ्यांनीच ती हसली.