मल्हारीचा ब्रेक

सगुणाबाईला दोन लाख आठ हजार मिळणार होते, आणि त्यासाठी तिनं फक्त कुंकू न लावता एक फोटो काढून द्यायचा होता. एवढ्या स्वस्तात एवढी रक्कम अख्ख्या कारेगावात कुणाला मिळाली नव्हती. अडचण इतकीच, की तिचा नवरा संपत फोटो स्टुडिओबाहेर चहाच्या गाड्यापाशी जिवंत उभा होता.

मेला होता त्याचा धाकटा भाऊ मल्हारी. महिन्यापूर्वी, कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली. पण लेबर ठेकेदार साहेबराव आप्पांच्या हजेरीत त्या दिवशी मल्हारी नव्हताच. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की कायदा कामगाराच्या मागं उभा राहतो. म्हणून आप्पांचा प्रत्येक माणूस सातव्या महिन्यात ब्रेकवर जाई. घरी बसणं परवडेना, तर भावाच्या नावानं परत येई. पासवरचा फोटो वॉचमन कशाला बघतोय. मल्हारी कागदोपत्री ब्रेकवर होता आणि प्रेसवर संपत. पंचनाम्यातही संपतच गेला.

शिरूरला येताना जीपमध्ये आप्पांनी दोघी जावांना सगळं समजावलं होतं. खरं सांगाल तर विमावाले दमडी देणार नाहीत. अर्ज सगुणाबाईनं करायचा, पैसे मल्हारीच्या बायकोच्या, बयाबाईच्या पोरींसाठी ठेवायचे. राहता राहिला संपत. सोमवारी मल्हारीचा ब्रेक पुरा होतोय, त्यानं त्या नावानं कामावर यावं. पुढचे सात महिने काळजी नाही.

सगुणाबाई आरशासमोर बसली. बोट कपाळापर्यंत गेलं आणि खाली आलं.

“आप्पा, जित्या नवऱ्याचं कसं पुसू?”

“कागदापुरतं हो, वहिनी.” मग आप्पा बयाबाईकडं वळले. “आन् बया, तू आता असं मोकळं कपाळ घिऊन हिंडू नको. चौकशीला कुणी आलं तर काय सांगशील? तुझा नवरा सोमवारी कामावर येतोय.”

बयाबाईनं पदराचं टोक ओलं केलं आणि जावेचं कुंकू स्वतःच पुसलं. महिन्यापूर्वी सगुणाबाईनं तिचं पुसलं होतं, तितक्याच हलक्या हातानं.

फोटोग्राफरनं सवयीनं जरा हसायला सांगितलं, मग कपाळ बघून “राहू द्या” म्हणाला. उजेड लखकन पडला.

फोटोचे तीस रुपये आप्पांनी दिले. या सगळ्या प्रकरणात त्यांच्या खिशातून गेले ते एवढेच.

बाहेर येऊन त्यांनी, आत्तापासून सवय असावी म्हणून, मोठ्यानं हाक मारली, “मल्हारी, चल रे, बस गाडीत.”

बयाबाईची मान गर्रकन वळली.

“आलो,” म्हणत गाड्यामागून संपत आला.